खालीवरच्या चार मात्रा

मोमिनाबादच्या कापडपेठेत मल्लिनाथांची ओळख दोन तऱ्हांनी करून दिली जात असे. गिऱ्हाईक दुकानात बसलेले असताना धाकटे बंधू नागप्पा अदबीने सांगत, "ते आमचे थोरले. चिजा बांधतात." गिऱ्हाईक पायरी उतरले की शेजारच्या दुकानदाराला म्हणत, "गाठोडं सोडून बाकी काय म्हणशील ते बांधतात." मल्लिनाथांच्या कानांवर दोन्ही वाक्ये पडत. ती खरीच असल्याने त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. निजामाच्या दप्तरात त्या काळी हे नाव होते. गावाबाहेर घोडदळाची छावणी होती आणि छावणीच्या अंगाला एक खाँसाहेब राहत. मल्लिनाथ वयाच्या सतराव्या वर्षी त्यांच्या पायाशी बसले ते खाँसाहेबांना माती देईपर्यंत. गुरूच्या चिजा गळ्यात मुरल्यावर त्यांना स्वतःच्या सुचू लागल्या, आणि त्याही आपल्या बोलीत. खाँसाहेबांनी पहिली चीज डोळे मिटून ऐकली होती. "अच्छी है," ते म्हणाले होते. "पर लिखना नै. गाना कागज पे नै रैता, हलक में रैता."

गाणे कागदात नव्हे, गळ्यात; ही आज्ञा मल्लिनाथांनी तंतोतंत पाळली. तीस वर्षांत त्रेचाळीस चिजा झाल्या. कागदावर होती ती फक्त यादी. अनुक्रमांक, राग, ताल आणि मुखड्याचे पहिले दोन शब्द. नागप्पांच्या दुकानातल्या मालाच्या यादीपेक्षा ती नेटकी होती.

त्यांच्या कामाला एक शिस्त होती. चिजेचे दोन भाग असतात, स्थायी आणि अंतरा. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत बांधणाऱ्याने आपले नाव गुंफायचे, त्याला छाप म्हणतात. मल्लिनाथ ही छाप नेहमी एकाच जागी ठेवत. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेवर टाळी पडत नाही, हात उताणा करून हवेत सोडतात, ती खाली. त्या खालीपासून बाराव्या मात्रेपर्यंत 'मल्लिनाथ' हे नाव वरच्या षड्जाला स्पर्श करून उतरे, आणि उरलेल्या चार मात्रांतले शब्द समेवर येऊन टेकत. बाकीच्या तालांतही छापेची जागा खालीवरच. पेठेत ते नागप्पांचे भाऊ होते, सासरवाडीत जावई होते, पाटोद्याला दिलेल्या शांतादेवीच्या सासरी व्याही होते. फक्त या चार मात्रांत ते मल्लिनाथ होते.

अठरा सालच्या कार्तिकात तापाची साथ आली. गल्लीत एक घर सुटले नाही. मल्लिनाथ सतरा दिवस अंथरुणावर होते. उठले तेव्हा गळ्यातून नुसती हवा येत होती. ते एकवेळ सोसले असते. पण एका दुपारी यादी उघडून त्यांनी पहिली चीज मनात म्हणायला घेतली आणि दुसऱ्या ओळीशी थांबले. पुढचे आठवेना. दुसरी काढली, तिचा अंतरा गायब. माणसांची नावे, कापडाचे भाव, खाँसाहेबांच्या अंगरख्याचा फाटका खिसा, सारे जसेच्या तसे आठवत होते. चिजांचा मात्र पहिल्याच धुण्यात कच्चा रंग जावा तसा रंग गेला होता. मागे उरली होती ती यादी.

माघात धारूरहून बद्रीनाथ आला. पस्तिशीचा हा शाळामास्तर त्यांचा एकुलता एक शिष्य. गळा बेताचा, पण लिहिण्यात पक्का. स्वरांच्या खुणा करून चीज कागदावर उतरवण्याची नवी रीत तो शिकून आला होता.

"गुरुजी, आठ दिवसांची रुखसत मंजूर झालीय," तो वही काढत म्हणाला. "त्यानंतर बदली. थेट गुलबर्ग्याला. खाँसाहेबांची आज्ञा मला ठाऊक आहे. पण..."

"लिही," मल्लिनाथ फुसफुसत्या आवाजात म्हणाले. "हलकच राहिला नाही, आता आज्ञा कुणाला?"

पहिले तीन दिवस दोघे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. मल्लिनाथ गुडघ्यावर ताल धरत, बद्रीनाथ सूर लावी, मल्लिनाथ मान हलवत: हे नाही, हेही नाही. तीन दिवसांत सात स्थायी हाती आल्या. अंतरा एकही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मल्लिनाथांनी यादी मिटून ठेवली आणि वळकटीवर डोके टेकले.

"माझ्यानंतर दुकान राहील," ते म्हणाले. "ते नागप्पाचं. माझं काही राहत नाही बघ."

बद्रीनाथने वही मिटली. उंबऱ्याआड उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी उमाबाई पदर सावरून आत निघून गेल्या.

चौथ्या दिवशी झुंजुरका मल्लिनाथांना जाग आली ती जात्याच्या घरघरीने. हे काही नवे नव्हते. सव्वीस वर्षे ते याच आवाजाने उठत आणि विभूती लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसत. नवे होते ते घरघरीवरचे गाणे. उमाबाई मागल्या पडवीत दळता दळता पुटपुटत, हे त्यांना माहीत होते. ओव्या असतील म्हणून त्यांनी कधी कान दिला नव्हता. आज आवाज अंमळ मोकळा होता.

*सांज उतरली घाटावरुनी,*
*अजून ये ना दारी कोणी...*

मल्लिनाथ अंथरुणात उठून बसले. यादीतली एकोणिसावी. राग पूरिया, तीनताल. आधी त्यांच्या मनात आले ते असे की पूरिया संध्याकाळचा राग, आणि ही बाई पहाटे गाते आहे! मग अंतरा सुरू झाला. तीन महिने शोधत होते तो अंतरा, एकही सूर इकडचा तिकडे न होता, ज्वारीच्या पिठासारखा जात्याच्या पाळीखालून उतरत होता. एका फेऱ्याला दोन मात्रा. दगड लयीला पक्का होता.

*दार उघडे, ज्योत तेवे...*

आणि गाणे थांबले. जाते थांबले नाही. एक फेरा, दुसरा फेरा. मग नेमक्या तेराव्या मात्रेवर आवाज पुन्हा आला:

*...वाट पाही.*

मल्लिनाथ अनवाणी पडवीत गेले. त्यांना पाहून उमाबाईंचा हात खुंट्यावरच थिजला.

"अवो, कावून उठलाव? गार लई हाय."

"ही चीज तुला कुणी शिकवली?"

"कोण शिकवंल मला?" उमाबाईंनी पदराने कपाळ पुसले. "भिंतीआड तुमी घोकता. भिंतीअल्याड मी दळते. कान का झाकून ठिवू?"

"अजून किती येतात?"

"मोजल्या न्हाईत."

"मग तीन दिवस आम्ही डोकं फोडत बसलो तेव्हा बोललीस का नाहीस?"

"इचारलं का मला कुणी?" त्या जात्यात मूठभर ज्वारी सोडत म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "काल तुमी ते तसं बोललाव. म्हून आज जरा मोठ्यानं म्हनलं. म्हनलं, जाग येईल."

त्या दिवसापासून बद्रीनाथची बैठक पडवीत हलली. यादी वाचायची आणि थांबायचे, एवढेच मल्लिनाथांचे काम उरले. "सहावी. देसकार." उमाबाई क्षणभर खुंट्याकडे पाहत, दगड फिरू लागे आणि चीज येई. जात्याशिवाय त्यांना एक ओळ आठवत नसे. म्हणून घरातली ज्वारी संपल्यावर शेजारणीची दळून झाली, मग तिच्या जावेचीही. "गल्लीत फुकट दळून मिळतंय म्हणे," नागप्पा येऊन म्हणाले. "आमच्याकडची ज्वारीची दोन पोती धाडू का?"

बाराव्या चिजेशी उमाबाई अडल्या. "ह्यातली कोणती पायजे?"

"कोणती म्हणजे?" मल्लिनाथांनी विचारले.

"तुमी तीनदा बदलली की. एक शांताच्या लग्नाआदीची, एक लग्नातली, एक नंतरची."

"शेवटची. तीच पक्की."

"पयलीच बरी होती," त्या म्हणाल्या. "नंतरच्यात नुसतीच इद्वत्ता हाय."

बद्रीनाथने वहीत तोंड लपवले. मल्लिनाथांनी तिन्ही ऐकल्या, बराच वेळ हनुवटी खाजवली, आणि म्हणाले, "पहिली लिही."

सातव्या दिवशी दुपारी त्रेचाळीसपैकी एकेचाळीस चिजा वहीत उतरल्या होत्या. उरलेल्या दोन मल्लिनाथांनी आजाराच्या आधी नुकत्याच बांधल्या होत्या. त्या घोकून झाल्याच नव्हत्या. पण एकेचाळीस चिजांत एकेचाळीस भोके होती. प्रत्येक अंतऱ्यात छापेच्या जागी उमाबाई गप्प होत.

पडवीतल्या पहिल्या दिवशी मल्लिनाथांना त्याचे हसू आले होते. नवऱ्याचे नाव घेणे ही उमाबाईंच्या लेखी होऊच न शकणारी गोष्ट. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाला त्या 'थोरला देव' म्हणत. भाचा मल्लाप्पा तर त्यांच्यासाठी मिशा फुटल्या तरी 'बाळ'च होता. आपण तीस वर्षे मोठ्या हौसेने प्रत्येक चिजेत जे नाव गुंफले, ते जिच्या गळ्यात चिजा टिकल्या तिलाच उच्चारता येत नव्हते. घोटाळा असा होता की त्या जागेचे सूरही कुणाकडे उरले नव्हते. मल्लिनाथांना आठवत नव्हते, आणि उमाबाईंनी ते ओठांवर कधी आणलेच नव्हते.

"नाव नको घेऊस," मल्लिनाथांनी सातव्या दिवशी समजावले. "नुसतं आऽऽ कर."

उमाबाईंनी जाते फिरवले. अंतरा आला, खाली आली, तोंड उघडले आणि मिटले.

"न्हाई येत. आऽऽ केलं तरी मनात तेच येतंय."

"मनात आलं तर काय होतं?"

"मनात रोजच येतंय. तोंडात न्हाई येऊ द्यायचं."

"माय, मी एक जोडून पाहू का?" बद्रीनाथने अदबीने विचारले. त्याने पूरियाच्या अंतऱ्यात आपल्या अंदाजाने सूर बसवून 'मल्लिनाथ' म्हटले. राग बिघडला नाही, ताल चुकला नाही. पण भरजरी लुगड्याला दुसऱ्याच पोताचे ठिगळ लावावे तसे ते दिसले, आणि ते तिघांनाही कळले.

मल्लिनाथांचा तोल गेला. "उद्या हा जाणार! चिजा गुलबर्ग्याला जातील, आणि कुणीही म्हणेल, माझ्या! तीस वर्षांत मी दुसरं काय केलं? एक नाव ठेवलं होतं, तेही तुझ्या सोवळेपणापायी जाणार!"

उमाबाई पीठ सुपात भरून उठल्या. त्या रात्री भाकरी वाढताना उमाबाईंनी "अजून एक?" हेही हाताच्या खुणेनेच विचारले.

आठव्या दिवशी पहाटे मल्लिनाथ आपणहून लवकर उठले आणि आवाज न करता पडवीच्या दाराशी येऊन बसले. चिमणीच्या उजेडात उमाबाई पाठमोऱ्या दळत होत्या. पूरियाच चालला होता. चार दिवसांत तो मल्लिनाथांना पहाटेचाच वाटू लागला होता. अंतरा आला. *दार उघडे, ज्योत तेवे.* आणि दगडाचे दोन फेरे.

आजवर त्या जागी मल्लिनाथांना आपले नाव गेल्याचेच ऐकू येत होते. आज नाव बाजूला ठेवून त्यांनी ओळ ऐकली. दार उघडे, ज्योत तेवे, कोण वाट पाही? ही चीज बांधली ती ऐन तिशीत. संध्याकाळी खाँसाहेबांकडे तालीम, मग गप्पा, मग घरी. छावणीच्या रस्त्याने परतताना लांबूनच आपल्या दारातला दिवा दिसे, त्या दिव्यावरून ओळ सुचली. घरी येऊन त्यांनी मोठ्या खुशीत तिच्यात नाव बसवले होते: मल्लिनाथ वाट पाही. मल्लिनाथ कशाला वाट पाहतील? ते तर रस्त्याने चालत येत होते. दिव्यात तेल घालून, भाकरी टोपल्यात झाकून, दार उघडे ठेवून बसलेले माणूस दुसरेच होते. नवव्या मात्रेवर नाव बसवण्याच्या नादात ही साधी चूक त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि खाँसाहेबांना मराठी अर्थ कुणी विचारला नव्हता.

उमाबाईंनी वळून पाहिले. त्यांचे डोळे सुजलेले होते. रात्रभर काही ठरवले असावे, कारण त्यांनी खुंटा सोडला, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर, करडीवर हात ठेवला आणि धडधडीत सांगितले, "मास्तरला उठवा. घेते मी."

"काय घेतेस?"

"नाव. एकडाव. त्याला म्हनावं, लिहून घे, पुन्ना इचारू नको." त्यांनी करडी मुठीत धरली. "तुमचं खरं हाय. तुमी दुसरं काय मागितलं न्हाई कधी. एवढ्यासाठी तुमच्या चिजा खोट्या पडाव्यात, हे मला न्हाई सोसायचं. देवाला मी सांगंन काय सांगायचं ते."

मल्लिनाथ उठून जात्याच्या पलीकडे, त्यांच्या समोर बसले.

"नको," ते म्हणाले.

"आता नको का? काल एवढं..."

"काल मला कळलं नव्हतं. तू थांबतेस ना तिथं, तेव्हा काय करतेस?"

उमाबाईंना या प्रश्नाचे नवल वाटले. "काय करणार? ते दोन फेरे तुमचे असत्यात. तुमी झाल्याबिगर पुढं कशी जाऊ?"

मल्लिनाथांनी जात्याभोवती सांडलेले पीठ बोटाने एकत्र केले.  

"तसंच राहू दे," ते म्हणाले. "एकेचाळीसही तशाच राहू देत."

बद्रीनाथला हे पटायला वेळ लागला. दुपारी बैलगाडी यायची होती, आणि वहीत एकेचाळीस ठिकाणी चार-चार मात्रांची रिकामी घरे होती. "गुरुजी, निदान आडवी रेघ ओढू का?" तो म्हणाला.

"रेघ ओढ. वर लिही: इथे गाऊ नये, ताल चालू ठेवावा."

"आणि चीज तुमची, हे लोकांना कळायचं कसं?"

मल्लिनाथ हसले. ताप गेल्यापासून पहिल्यांदाच. "गाणाऱ्या माणसाला भर अंतऱ्यात गप्प बसायला सांगून बघ. मोठमोठ्यांना जमायचं नाही. ज्याला जमेल तो विचारीलच, ही कुणाची म्हणून. त्याला सांग."

निघण्याआधी बद्रीनाथने पूरिया गाऊन दाखवला. मल्लिनाथांनी गुडघ्यावर ताल धरला. निरोपाला आलेले नागप्पा खांबाला टेकून ऐकत होते. *दार उघडे, ज्योत तेवे*, इथे बद्रीनाथ थांबला. मल्लिनाथांचा हात खालीवर उताणा झाला. एक, दोन...

"विसरलास का बे मास्तर!" नागप्पा ओरडले.

"भावजी, गप बसा," आतून उमाबाईंचा आवाज आला. दिराला इतक्या मोठ्याने त्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच बोलल्या होत्या. नागप्पांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले, आणि त्याच वेळी बद्रीनाथ *वाट पाही* म्हणत समेवर आला.

नागप्पांनी खांब सोडला. थोरल्या भावाच्या गाण्यावर ते आजवर थट्टेपलीकडे काही बोलले नव्हते. "तिथं थांबला तर," ते चाचरत म्हणाले, "दाराकडं बघावंसं वाटलं, दादा. कुणीतरी यायचं राहिलंय असं." मग आपणच ओशाळून ते गाडीवानाला हाका मारायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उमाबाईंनी जात्याभोवतीचे पीठ पुसून घेतले, मूठभर ज्वारी सोडली आणि खुंट्याला हात घातला. तेवढ्यात पलीकडून दुसरा हात आला. आजाराने सुकलेला, बोटांना तंबोऱ्याच्या तारेचे घट्टे असलेला.

"अवो, सोडा! कुणी बघंल की."

"बघू दे. मी गाऊ शकत नाही, दगड तर फिरवू शकतो."

"लय बिघडंल तुमच्यानं."

"तू सांभाळ."

उमाबाईंनी पदर दातांत धरला, हसू आवरले आणि फेरा धरला. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना दोन हात एकमेकांविरुद्ध ओढत राहिले, पीठ एका बाजूला जाड पडले. मग जमले. पहाटेच्या गारव्यात पूरिया सुरू झाला, आणि मल्लिनाथांनी तोंड वाकडे केले नाही. अंतरा आला, दिव्याची ओळ आली, उमाबाई थांबल्या.

ते दोन फेरे दोघांनी मिळून ओढले.